उभ्या गाडीचा काटा

"मामू, चावी कुणाकडं हाय?"

ताबीश डॅशबोर्डखाली उताणा पडला होता. डोकं आत, पाय दाराबाहेर, कपाळाला टॉर्च बांधलेली.

"माज्या खिशात," येडू म्हणाला.

"खिशात म्हंजे खिशातच ना?"

येडूने सदऱ्याच्या खिशातून चावी काढून त्याच्या नाकासमोर धरली. ताबीश सरपटत बाहेर आला, उठून बसला आणि त्याने पुन्हा एकदा मीटरकडे बघितलं. गाडी बंद होती. इंजिन केव्हाच निवलं होतं. बॅटरीची तार त्याने स्वतःच्या हाताने सोडवून बाजूला ठेवली होती, मीटरची केबलही मागून काढली होती. आणि तरीही वेगाचा काटा शून्यावरून उठून चाळिशीवर जाऊन बसला होता. बसला कसला, चालत्या गाडीचा थरथरतो तसा बारीक थरथरत होता.

"ऐसा कभी देख्या नै मैं," ताबीश पुटपुटला. मग कुणी ऐकलं तर काय म्हणेल, असं वाटून त्याने आवाज चढवला. "उन्हानं मामू. पत्रा तापतो, मीटर फुगतं, आतली स्प्रिंग गेली की काटा हवेवरबी हालतो. काय न्हाय, बोर्ड बदलायचा. भंगार बाजारात ह्याच गाडीचा एक पडलाय. परवा सकाळी आणतो, तुमचा चहा पिऊन होईस्तोवर बसवतो."

"नगं."

"नगं म्हंजे? चार दिसांनी पासिंग हाय. आरटीओतला साहेब आधी मीटरच बघतोय. बंद गाडी चाळीसनं पळताना दिसली तर तो आधी पळंल, मग गाडी भंगारात घालंल."

येडू हसला नाही. तोंडातल्या तोंडात "बगू" म्हणाला, तारा परत जोडून घेतल्या आणि चावी फिरवली. गाडी विजापूर वेशीतल्या गॅरेजातून निघाली मात्र, काटा मुकाट शून्यावर येऊन पडला. गाडी पळायला लागली आणि काटा थांबला. तीन महिने हे असंच चाललं होतं. गाडी उभी राहिली की काटा पळायचा, गाडी पळाली की काटा उभा!

आता गाडी कसली, तेही सांगायला हवं. पांढरी जुनी व्हॅन, दोन्ही अंगांना लाल अक्षरांत 'वैकुंठरथ' लिहिलेलं. त्यातल्या 'कु'चा उकार उन्हाने कधीच खाऊन टाकला होता. पेठेतल्या एका लहानशा ट्रस्टची ती गाडी. सिव्हिलमधून माणूस न्यायचं आणि त्याच्या गावाला पोचवायचं. बार्शी, मोडनिंब, अक्कलकोट, जिकडचं असेल तिकडे. ही गाडी कधी चोरीला गेली नाही. हिला कधी ट्रॅफिक हवालदाराने अडवलं नाही. गल्लीत ती वळली की क्रिकेट खेळणारी पोरं बॅट टाकून भिंतीला चिकटायची. येडूला त्याचं काही वाटत नसे. "ह्या गाडीत बसायचं वय न्हाय त्येंचं, मग भ्यालेलीच बरी," असं तो म्हणायचा.

येडू धनगराचा. बाप मंगळवेढ्याच्या पुढच्या एका गावचा, मेंढरांमागे फिरणारा. येडूला मेंढरांची चाल सोसली नाही, त्याला चाकं हवी होती. आधी ट्रकवर क्लीनर झाला, मग चनबसप्पा नावाच्या म्हाताऱ्या ड्रायव्हरने त्याला ह्या गाडीवर घेतलं. चनबसप्पाने गाडी नंतर शिकवली, आधी रीत शिकवली.

पहिली रीत विसाव्याची. गावात तिरडी निघाली की अर्ध्या वाटेत क्षणभर खाली टेकवतात ना, तोच विसावा. जिवाला तिथे थांबवून सांगायचं की बाबा, घर मागं राहिलं, आता पुढची वाट तुझी. गाडीतून जाणाऱ्याला ते कोण सांगणार? तर ड्रायव्हरने. अर्ध्या वाटेत गाडी कडेला घ्यायची. इंजिन बंद. हे महत्त्वाचं, कारण चनबसप्पाचं म्हणणं असं की धडधडत्या गाडीत जीव टेकत नाही. मागचं दार उघडायचं, रस्त्यावर एक दगड ठेवायचा, त्यावर ओंजळभर पाणी घालायचं. मग गाडीभोवती एक फेरी मारायची आणि उतरलो त्या दाराने आत न शिरता दुसऱ्या दाराने शिरायचं.

"आन न्हाय दिला इसावा तर?" तरण्या येडूने विचारलं होतं.

"बिडूदिल्ल," चनबसप्पा कानडीत म्हणाला होता. सुटत नाही. "चालतच ऱ्हातंय मानूस."

बिनवारशाला, गुंडाला, आईच्या कुशीएवढ्या लेकराला, सगळ्यांना येडूने विसावा दिला. पावसात दिला, नातेवाईक "चला हो लवकर" म्हणून खेकसत असताना दिला. मुसलमानाचं माणूस असलं तर आधी विचारायचा, "थांबू का जरा?" आणि ते म्हणायचे, "थांबा की, कुणाचं काय जातंय."

एकाच माणसाला दिला नाही. त्याच्या बायकोला.

गोजाबाई ह्या गाडीत कधी बसली नव्हती. येडू घरी आला की ती उंबऱ्यातच थांबवायची, अंगावर पाणी शिंपडायची, हातावर लिंबाचा पाला ठेवायची आणि मग "या आता" म्हणायची. कुणी चेष्टेने म्हटलं, की गोजामावशे, घरची गाडी असून तू रिक्षानं फिरतीस होय, तर ती पदर तोंडाला लावून हसायची. "मी तिच्यात एकदाच बसनार हाय. येकदम ऐटीत, आडवी."

माघात ती सिव्हिलमध्ये होती. काविळीचं निमित्त झालं. डॉक्टर म्हणत होते, सुधारेल. त्या सकाळी येडूला बार्शीची वर्दी आली, तेव्हा तीच म्हणाली, "जावा की. त्येंची मानसं खोळंबली आसतील." येडू बार्शीला गेला. वाटेत एका अनोळखी म्हाताऱ्याला अगदी सावकाश, बिडी ओढून विसावा दिला. परत आला तोवर सिव्हिलच्या मागच्या दाराशी त्याची लेक रुपाली भिंतीला टेकून उभी होती. नुसती गाडीकडे बघत राहिली.

ट्रस्टवाले दुसरा ड्रायव्हर बोलावतो म्हणाले. येडूने ऐकलं नाही. दिवस मावळायच्या आत गावी पोचायचं होतं. मागे रुपाली आईचं डोकं मांडीवर घेऊन बसली, शेजारी भावकीतल्या दोन बायका. आणि शहर मागे पडलं तसं मीटरने नाटक सुरू केलं. गरमीचा काटा लालात चढला. बॅटरीचा दिवा पेटला. पेट्रोलचा काटा तळाला गेला.

आता हे मीटर खोटारडं आहे, हे येडूला वर्षभरापासून ठाऊक होतं बरं का. तो मीटरकडे बघायचाच नाही. इंजिन कानाने ऐकायचा, काच टिचकीने गप्प करायचा. पण त्या दिवशी त्याचे कान बंद पडले होते. मागून बायकांचं रडणं तेवढं येत होतं, इंजिनचा आवाज म्हणून येत नव्हता. कान गेले तसा तो डोळ्यांवर विसंबला, आणि डोळ्यांसमोर तो लाल दिवा. अर्ध्या वाटेतलं, नेहमीच्या विसाव्याचं लिंबाचं झाड आलं. थांबलो आणि गाडी परत चालूच झाली नाही तर? दिवस बुडेल, गोजा रस्त्यावर राहील. त्याने पाय ब्रेकवर नेला आणि उचलला. झाड गेलं.

गावात पोचून बॉनेट उघडलं तर रेडिएटर हात ठेवावा इतका गार. टाकी अर्धी भरलेली.

त्यानंतर काय झालं ते आधी त्याने कुणाला सांगितलं नाही.

गाडी उभी राहायची ती एका बंद गिरणीच्या आवारातल्या पत्र्याच्या शेडमध्ये. आजूबाजूला यंत्रमागाचे कारखाने. दिवसभर खटक-खटक-खटक, इतकी की माणूस बहिरा व्हावा. पण दुपारी जेवणाच्या सुट्टीला सगळे माग एकदम थांबतात. सोलापूरची ती टळटळीत दुपार म्हणजे काय सांगावं! रस्त्यावर कुत्रंसुद्धा नसतं. पत्रे कडकड वाजतात आणि मग तेही थांबतात. अशाच एका दुपारी येडू गाडीत बसून डबा खात होता. माग थांबले. आणि त्या शांततेत, चावी खिशात असताना, काटा उठला.

हळू उठला. दहावर आला, तिथे जरा घुटमळला. वीस, तीस. चाळिशीला जाऊन थरथरत राहिला.

येडूच्या हातातला घास हातात राहिला. त्याने दार उघडून खाली उडी मारली आणि शेडबाहेर उन्हात जाऊन उभा राहिला. माग पुन्हा सुरू होईपर्यंत तो तिथेच होता.

दुसऱ्या दिवशीही तेच. तिसऱ्या दिवशी तो पळाला नाही. बसून राहिला आणि हलकेच म्हणाला, "गोजे?"

काटा थरथरला. म्हणजे तो थरथरतच होता म्हणा, पण येडूला वाटलं की जरा जास्त थरथरला.

आणि मग, खरं सांगायचं तर, त्याला ते आवडायला लागलं. भीती होती, अंगावर काटाही यायचा, पण भीतीला हळूहळू सवय लागते. तो दुपारची वाट बघायचा. डबा उघडायचा आणि बोलायचा. रुपालीला पातळ भाजी जमत न्हाय बग. शेजारच्या वच्छलानं पुन्यांदा आपल्या दारात पानी सोडलं. तुजं लुगडं दिलं न्हाय कुनाला, ठिवलंय. काटा पळत राहायचा आणि तो जेवत राहायचा. गुरुराज, म्हणजे ट्रस्टचं काम बघणारा, रोज फोन करायचा की येडूमामा, मीटर करून घ्या, पासिंग जवळ आलं. येडू रोज म्हणायचा, व्हय, करतो की. मीटर नीट झालं की दुपार रिकामी होणार, हे त्याला पक्कं कळत होतं. शेवटी गुरुराजने स्वतःच ताबीशला सांगितलं म्हणून त्या दिवशी गाडी वेशीला न्यावी लागली.

ताबीशने दुसरं एक काम केलं. येडू गेल्या गेल्या त्याने रुपालीला फोन लावला.

रुपाली शाळेच्या गणवेशांच्या कारखान्यात कॉलर शिवायची. दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत ती तडक शेडमध्ये आली. बाप गाडीत बसलेला, समोर डबा, आणि तो कुणाशी तरी बोलतोय. ती दाराशी आली तसा तो गप्प झाला.

"कुनाशी बोलताय, आप्पा?"

"कुनाशी न्हाय. फोन हुता."

"फोन घरी इसरलाय तुमी. चूल पेटवताना माज्या पुढंच वाजत हुता."

येडूने भाकरीचा तुकडा मोडला आणि परत डब्यात ठेवला. रुपाली वळसा घालून पलीकडच्या दाराने आत येऊन बसली. अजून कुठे कुठे माग चालू होते. मग एक थांबला, दुसरा थांबला, आणि शेवटचा थांबला तेव्हा कानात नुसती शिटी वाजत राहिली.

"जा तू. उन्हाचं कशाला—"

"गप बसा जरा."

काटा उठला. रुपालीने तो उठताना पाहिला. तिचा हात आपोआप सीटची कड धरून बसला, बोटं पांढरी पडली. दहा. वीस. तिने वाकून चावीचं भोक बघितलं, रिकामं. काटा चाळिशीला पोचला आणि थरथरू लागला. गाडीबाहेर एक पानही हलत नव्हतं.

"तुजी आई हाय," येडू कुजबुजला. लहान पोर नवं खेळणं दाखवतं तसा त्याचा चेहरा झाला होता. "रोज येती. भिऊ नगं. जेवन हुईस्तोवर ऱ्हाती."

रुपालीचे डोळे काट्यावरून हलत नव्हते. मग ती म्हणाली,

"येती कुटं आप्पा? ही तर चाललीया."

"म्हंजे?"

"गाडी उबी, काटा पळतोय. म्हंजे ती चालतीया की अजून. बसली कुटंय?" तिने बापाकडे तोंड वळवलं. "त्या दिशी मी मागं हुते. आपन कुटंच थांबलो न्हाय. लिंबाचं झाड गेलं तवा मी काचंतनं बगितलं. मला वाटलं, आप्पांला ठावं आसंल, फुडं थांबतील. आपन थांबलोच न्हाय."

येडूने काट्याकडे पाहिलं. तीन महिने तो त्याकडे बघत होता आणि त्याला एवढंच दिसलं होतं, की ती आली आहे. ती थांबू शकत नाही, हे त्याला दिसलं नव्हतं. माघापासून वैशाखापर्यंत. थंडी गेली, ऊन आलं, ही चालतेच आहे. तिच्या टाचांना भेगा होत्या. उन्हाळ्यात त्यातून रक्त यायचं, ती तेल आणि मेण चोळून बसायची.

"एवड्या उन्हात," तो म्हणाला. एवढंच म्हणाला.

माग सुरू झाले, खटक-खटक. रुपालीने डब्याचं झाकण लावलं.

"उद्या ताबीशभाई बोर्ड बदलनार हायती. नवा बोर्ड आला की काटा गप बसंल. पन आई..."

"ठावं हाय," येडू म्हणाला. "आजच जातो."

"मी येते."

"नगं. तू त्या दिशी मागं बसलीवतीस, तेवडं बास झालं. ह्ये डायवरचं काम हाय. माजं ऱ्हायलंय."

तो निघाला तेव्हा ऊन डोक्यावरून जरासं कललं होतं. शहरातून बाहेर पडेपर्यंत गाडी जिथे जिथे थांबली तिथे तिथे काटा उठला, आणि प्रत्येक वेळी आधीपेक्षा वर. पहिल्या सिग्नलला पन्नास. एका ट्रॅक्टरने वाट अडवली तिथे साठ. जसं काही तिला कळलं होतं की आपण कुठे निघालो आहोत.

मंगळवेढ्याच्या नव्या रुंद रस्त्यावर गाडी लागली आणि येडूच्या लक्षात एक गोष्ट आली. मानेमागचे केस उभे राहिले. रिकामी गाडी खडखडते. मागचं स्ट्रेचर सैल असतं, त्याचा पत्रा प्रत्येक खड्ड्याला वाजतो. माणूस असलं की वाजत नाही. इतक्या वर्षांत येडूला मागे वळून बघावं लागलं नव्हतं, आवाजावरून कळायचं की गाडी भरली आहे की मोकळी. आज खड्डे येत होते, जात होते, आणि गाडी गप्प होती.

त्याने आरसा वर केला आणि मागे पाहिलं नाही. "पिशवी घट धर गं," असं त्याच्या तोंडून निघून गेलं. एसटीने जाताना तो तिला नेहमी म्हणायचा ते.

अर्ध्या वाटेत नवा रस्ता सरळ गेला आहे, आणि जुन्या रस्त्याचा एक तुकडा बाजूला तसाच पडून आहे. डांबर उखडलेलं, कडेला वेड्या बाभळी. त्या तुकड्यावर ते लिंबाचं झाड. येडूने गाडी तिकडे उतरवली, झाडापाशी उभी केली आणि चावी बंद केली.

इंजिन थांबलं. दोन्ही बाजूंना नांगरून टाकलेली काळी रानं, त्यावर नुसती झळ नाचत होती. पाखरू बोलत नव्हतं.

काटा उठला तो थांबलाच नाही. चाळीस, साठ, ऐंशी. आकडे संपले तिथल्या खुंटीला जाऊन तो टेकला आणि तिच्यावर आपटायला लागला. टक टक टक टक. काचेला हादरे बसत होते. गरमीचा काटा चढला, पेट्रोलचा पडला, सगळे दिवे लागले, त्या दिवशीसारखेच. दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवून येडू त्या दिव्यांकडे बघत राहिला.

"आज न्हाय फसनार," तो म्हणाला आणि उतरला.

मागचं दार उघडलं. स्ट्रेचर रिकामं होतं, त्यावर धुतलेली चादर. उन्हाने भाजलेला एक दगड त्याने झाडाखालून उचलून आणला, रस्त्यावर ठेवला, बाटलीतलं पाणी ओंजळीत घेऊन त्यावर घातलं. दगडातून फस्स करून वाफ निघाली. आतून टक टक ऐकू येतच होती.

दुसऱ्यांसाठी म्हणायचं ते त्याला तोंडपाठ होतं. तिच्यासाठी ते जमेना.

"गोजे," तो म्हणाला. "चुकलं. दिव्याला भ्यालो मी. तू दमली आसशील... टेक जरा. घर हाय तसं हाय. रुपाली शानी हाय. माजं काय, मी खातो जेवतो. तू टेक. आन मग जा फुडं, माज्यासाटी थांबू नगंस."

त्याने गाडीला वळसा घातला. एक एक पाऊल टाकत, पत्र्याला हात लावत. पत्रा पोळत होता, त्याने हात काढला नाही. पलीकडच्या दारापाशी आला आणि आत चढला.

टक टक थांबली होती. काटा खुंटीवरून सुटला होता आणि खाली येत होता. एकदम पडला नाही. दिवसभर राबलेली बाई गुडघ्यावर हात ठेवून, कण्हत, पाटावर बसते तसा सावकाश, टप्प्याटप्प्याने खाली आला. वीसवर जरा थांबला. शून्यावर टेकला. दिवे एक एक करून विझले.

येडू मागे जाऊन दार लावून आला. लावताना स्ट्रेचरचा पत्रा खडाड् वाजला.

मग तो बसून राहिला. काटा हलेना. त्याने काचेला टिचकी मारली. "गोजे?" म्हणाला. परत म्हणाला. झाडावर कुठून तरी एक कावळा येऊन बसला, ओरडला आणि उडून गेला. रानात वारं सुटलं. सगळं जिथल्या तिथे होतं आणि गाडीत तो एकटा होता. तीन महिन्यांत प्रथमच एकटा. त्याने खांद्यावरचा पंचा तोंडाला लावला.

बऱ्याच वेळाने चावी फिरवली. कट्. पुन्हा फिरवली. कट्. गाडी चालू होईना.

बाभळीआडून शेळ्या घेऊन एक म्हातारा आला. मागून डोक्यावर जळणाचे भारे घेतलेल्या दोन बाया, आणि मोटरसायकलवरचा एक गडी, तो गाडी बघून आपणहून थांबला. लाल अक्षरं वाचून त्याने टोपी काढली. बायांनी भारे खाली टाकले.

"बंद पडली व्हय?" म्हाताऱ्याने विचारलं.

"व्हय. धक्का लागंल."

"कोन हाय आत?"

येडूने तोंड उघडलं. मोकळीच आहे, असं सांगायचं होतं.

"आमची मंडळी," तो म्हणाला.

म्हाताऱ्याने पुढे काही विचारलं नाही. काठी झाडाला टेकवली, चपला काढल्या आणि पोळत्या डांबरावर अनवाणी पायांनी येऊन मागच्या दाराला खांदा लावला. ते बघून मोटरसायकलवाल्यानेही बूट काढले. बायांनी पदर डोक्यावरून ओढून घेतले आणि पत्र्याला हात लावला. "हळू रं," एक जण म्हणाली, "आतल्या मानसाला हिसका बसू नये."

गाडी हलली. पावलांचा आवाज मागून येत राहिला, उखडलेल्या खडीवर, एका लयीत. कुणी बोलत नव्हतं. येडूने क्लच सोडला. इंजिनने एक गचका खाल्ला, धूर सोडला आणि सुरू झालं. आता थांबून चालणार नव्हतं.

त्याने आरसा खाली केला. चौघं जण धुरळ्यात, भर रस्त्यात ओळीने उभे होते, अनवाणी, हात जोडून. त्यांना थांबवायला, आत कुणी नाही म्हणून सांगायला, त्याने खिडकीतून हात बाहेर काढला. मग तो तसाच बाहेर राहू दिला, ते दिसेनासे होईपर्यंत.